काइंड म्हणजे जात

"हात पूस आधी," मॅडम म्हणाल्या. "आणि इथं मधे उभी राहा."

भज्यांचा ट्रे टीपॉयवर ठेवला, ओढणीला हात पुसले आणि गालिच्याच्या मधे उभी राहिले. दिवाणखान्यात लातूरची बडी माणसं बसली होती. डॉक्टर, डॉक्टरांच्या बायका, एक बिल्डर, एक निवृत्त प्राचार्य. मी बारावीत होते. मॅडमच्या घरी राहत होते.

"हीच ती मुलगी," मॅडमनी पाहुण्यांना सांगितलं. "वडारांची. हिचा बाप आमच्या फार्महाउसवर दगड घडवायला होता. मी हिला उचलून आणलं. आता बघा." मग माझ्याकडे वळल्या. पोपटाला मिरची दाखवून बोलतात तसा आवाज. "सांग बेटा, काइंडचे सिनोनिम्स."

मी हात मागे बांधले. नजर पंख्यावर लावली.

"जेंटल. जनरस. कन्सिडरेट. कम्पॅशनेट. बेनेव्हलंट. ह्यूमेन."

टाळ्या पडल्या. बेनेव्हलंटला एका बाईंनी "ओहो" केलं. मॅडमचा चेहरा असा फुलला होता, जसा तो शब्द त्यांच्याच पोटचा.

प्राचार्य सोफ्यात रेलून बसले होते. ते म्हणाले, "इम्प्रेसिव्ह. फॉर हर काइंड, व्हेरी इम्प्रेसिव्ह."

सगळे हसले. मीही हसले. मला वाटलं, मी आत्ता म्हटलेल्या शब्दावरच ते बोलले. मी काइंड आहे, मनानं चांगली आहे, असं काहीतरी. मी मान लववून म्हणाले, "थँक्यू, सर."

मग जे हसू फुटलं ते काही विचारू नका. बिल्डरला ठसका लागला. मॅडमची मुलगी ऋचा, माझ्याच वयाची, उशीत तोंड घालून हसत होती. मॅडम "शी, नका ना" म्हणत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मी रिकाम्या बशा गोळा केल्या, आत गेले आणि भांडी घासता घासता गाणं म्हणत बसले. खरंच गाणं म्हटलं. मोठ्या माणसांनी कौतुक केलं होतं ना.

त्या गाण्याची लाज मला वाटत नाही. लाज त्यांना वाटायला हवी होती. पण त्या घरात तेवढी एक वस्तू नव्हती. बाकी सगळं होतं.

आम्ही वडार. भोकर तालुक्यातल्या एका गावाच्या कडेला आमची वस्ती. घरात आमची बोली, तेलुगूच्या जवळची. उंबऱ्याबाहेर मराठी. बाप दगड घडवायचा. पाटे, वरवंटे, जाती. घरोघरी मिक्सर आले, पाटे कुणी घेईना. मग खडीच्या खाणीवर, नाहीतर जिथं कुणी बोलावील तिथं. बाप कामावर गेला की त्याच्यामागं अम्मा, अम्माच्या मागं मी. शाळेला सुट्टी लागली की मीही खडी फोडायची. हे कुणाला कणव यावी म्हणून सांगत नाही. कणववाल्यांचीच गोष्ट सांगून राहिले.

उदगीरजवळ मॅडमच्या नवऱ्यानं, डॉक्टरांनी, फार्महाउस बांधायला काढलं. त्याची दगडी भिंत माझ्या बापाच्या हातची. माझा दहावीचा निकाल तिथंच कळला, मजुरांच्या पालात, मुकादमाच्या मोबाईलवर. तालुक्यात नाव घ्यावं असे मार्क होते. नेमक्या त्याच दिवशी मॅडम भिंत बघायला आल्या. भिंत बघितली. मग मला बघितलं.

"हिला माझ्याकडे द्या," बापाला म्हणाल्या. "लातूरला शिकेल. घरातल्यासारखी राहील."

बापानं हात जोडले. अम्मानं मला बाजूला ओढलं आणि हळूच म्हणाली, "निजायला कुठं देत्यात, तेवढं इचार."

मी विचारलं नाही. एवढ्या मोठ्या बाईला असं काही विचारतात होय, असं मला वाटलं. अम्माला जगाची माहिती जास्त होती.

निजायला स्टोअर रूम दिली. औषधांच्या सॅम्पलची खोकी, बंद पडलेला कूलर, ऋचाची लहानपणची सायकल आणि मी. मी गेले त्याच महिन्यात त्यांनी धुण्याभांड्याच्या बाईला कामावरून काढलं. कारण कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. सकाळी झाडलोट, ऋचाचा डबा, मग कॉलेज. आल्यावर भांडी, इस्त्री, पोळ्या. पाहुण्यांना सांगायचं, "दत्तक घेतल्यासारखीच आहे हो." दत्तक मुलीला कुणी मागच्या अंगणातला, ड्रायव्हर वापरतो तो संडास दाखवत नाही. मला दाखवला. तेही हसून.

लातूरला पोरं येतात ती डॉक्टर व्हायला. गल्लोगल्ली क्लास, भिंतीभिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. ऋचा त्यातल्या सगळ्यात महाग क्लासला जायची. मला काय व्हायचं आहे, हे त्या घरात कुणी विचारलं नाही. "सायन्स तुला झेपणार नाही," मॅडमनी ठरवून टाकलं. "आर्ट्स घे. पुढं डी.एड. कर. तुमच्या लोकांत तेवढंही डोक्यावरून पाणी."

मॅडम पुण्याच्या, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या. लग्न होऊन लातूरला आल्या याचं दुःख त्यांना अजून होतं. महिलांच्या एका क्लबच्या त्या अध्यक्ष. चहा प्यायच्या तो मोठ्या पांढऱ्या मगमधून, त्यावर 'बी काइंड' लिहिलेलं. तो मग मी रोज विसळायची. त्याला चहाचा डाग राहिलेला त्यांना खपत नसे.

माझी जीभ सुधारायची त्यांना भारी हौस. "'न्हाई' नाही, 'नाही'. 'हाव' नाही, 'हो'. 'लई' नाही, 'खूप'. तुझ्या भाषेला वास येतो गं." असं म्हणताना नाक खरंच मुरडायच्या. संध्याकाळी मी कणीक मळत असले की स्टुलावर बसून ऋचाच्या जुन्या पुस्तकातले इंग्रजी शब्द पाठ करून घ्यायच्या. एका शब्दाचे पाच-पाच भाऊबंद. मला ते आवडायचं, हे खरं आहे. शब्दांचा काय दोष. पाठ झाले की पाहुण्यांसमोर उभं करायच्या. दर पाहुण्याला नवा शब्द.

त्या भज्यांच्या कार्यक्रमानंतर थोड्याच दिवसांत कॉलेजात इंग्रजीच्या तासाला एकाच शब्दाचे वेगवेगळे अर्थ निघाले. आमचे सर उदगीरचे. त्यांच्या मराठीला कानडी हेल होता, इंग्रजीलाही. फळ्यावर त्यांनी शब्द लिहिला आणि खाली अर्थ मांडले.

"काइंड. विशेषण असेल तर दयाळू. नाम असेल तर प्रकार, वाण, जात."

खडू फळ्यावर वाजत होता. मी हात वर केला.

"सर, 'फॉर हर काइंड' म्हणजे काय?"

सर वळले. "वाक्य पूर्ण सांग."

"इम्प्रेसिव्ह फॉर हर काइंड."

सरांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे तिच्यासारख्यांच्या मानानं बरं आहे. तिच्या जातीच्या मानानं, असंही होतं. समोरच्याला खाली ठेवून केलेलं कौतुक असतं ते. कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

"घरात ऐकलं, सर."

सरांनी फळा पुसला नाही. तास संपेपर्यंत तो शब्द माझ्यासमोर तसाच होता. मला दिवाणखाना दिसत होता. बिल्डरचा ठसका. ऋचाची उशी. आणि मान लववून म्हटलेलं थँक्यू. कान इतके तापले की मी ते हातांनी झाकून घेतले. बाजूची मैत्रीण म्हणाली, "डोकं दुखायलंय का?"

"हाव," मी म्हणाले.

मी लगेच घर सोडलं नाही. सोडून जाणार कुठं. शब्दाचा अर्थ कळला म्हणून पोट भरत नाही. पण माझे कान बदलले. आधी घरातले इंग्रजीत बोलू लागले की मी आपोआप ऐकणं सोडून द्यायची. आता ऐकू लागले. जेवताना डॉक्टर मॅडमना म्हणायचे, "काजूचा डबा कपाटात ठेव. यू नेव्हर नो विथ दॅट काइंड." मी त्यांच्याच ताटात आमटी वाढत असायची. एवढा शिकलेला माणूस, लोकांची हृदयं तपासणारा, आणि त्याला माझी भीती कशाची, तर काजूची. मला पहिल्यांदा त्या माणसाची कीव आली. मग तीही गेली. उरली ती फक्त तुच्छता. ती मी त्यांच्याकडूनच शिकले होते, फुकट.

अर्थशास्त्राच्या तासाला कळलं, मजुरी रोख न देता धान्यात, वस्तूत दिली तर त्यालाही काइंडच म्हणतात. पेमेंट इन काइंड. मी वहीत लिहून घेतलं आणि घरी जाऊन ऋचाच्या उरलेल्या पोळ्या खाल्ल्या. एका बारक्या शब्दात माझा तिथला सगळा संसार बसत होता.

थंडीत क्लबचा वार्षिक कार्यक्रम ठरला. समाजसेवेबद्दल मॅडमचा सत्कार होणार होता आणि त्यात मी दोन मिनिटं इंग्रजीत बोलायचं होतं. भाषण मॅडमनी स्वतः लिहून छापून आणलं. मी स्टोअर रूममध्ये उभ्याउभ्या वाचलं. मॅडम किती काइंड आहेत, हे त्यात जागोजागी होतं. ते ठीक. पण मधे एक ओळ होती. 'माय फादर वॉज अ ड्रंकर्ड. ही युज्ड टु बीट अस.'

माझा बाप दारू पीत नाही. माळकरी वगैरे नाही, पण पीत नाही. का, तर हातातली सुतकी, दगड घडवायचा हातोडा, एकदा चुकली की बोट जातं, म्हणायचा. आमच्यावर हात त्यानं उगारला नाही.

मी कागद घेऊन मॅडमकडे गेले. "हे खरं नाही, मॅडम."

"अगं, माहितीये मला," त्या म्हणाल्या. "पण लोकांना भिडायला हवं ना. नुसता गरीब बाप कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि आईवडिलांना बोलावलंय मी. आईला म्हणावं, जुनं लुगडं नेसून ये आणि तो मोठा हातोडा आण. फोटो छान येईल."

कागद घडी करून ठेवला. अजूनही मला वाटत होतं, आयत्या वेळी ती ओळ गाळून म्हणेन. कुणाला कळणार आहे.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बाप आला. एकटाच. अम्माला ताप होता, असं त्यानं सांगितलं. ताप नव्हता, हे नंतर कळलं. हातोड्याचा निरोप ऐकून ती म्हणाली होती, "मी काय तमाशातली हाय का." बाप मात्र आला. स्वच्छ धोतर, इस्त्रीचा सदरा. व्हरांड्यात चपला काढून जिन्याच्या पायरीवर बसला. मॅडम बाहेर आल्या, खुर्चीवर बसल्या. मी पाणी घेऊन आले.

मॅडम बापाला म्हणाल्या, "हे बघा, उद्या ती बोलेल की तुम्ही दारू प्यायचात, मारायचात. मनावर घेऊ नका. कार्यक्रमापुरतंच आहे."

बापानं माझ्याकडे बघितलं. मग खाली फरशीकडे. तो फरशी निरखत होता, तिचा सांधा नीट बसला नव्हता.

"म्हनू द्या म्याडम," तो म्हणाला. "लेकराचं भलं हुत असंल तर म्हनू द्या. मला काय हुतंय."

माझ्या हातातला पाण्याचा तांब्या मी त्याच्यासमोर ठेवला. एवढंच आठवतं. नंतर माझं तोंड आपोआप उघडलं.

"न्हाई."

त्या घरात तो शब्द मी दीड वर्षात उच्चारला नव्हता.

"काय नाही?" मॅडमनी विचारलं.

"मी म्हणणार न्हाई. उद्या बी न्हाई, कवाच न्हाई. आबा, पाणी प्या आन् उठा."

"हा काय प्रकार आहे? नीट बोल आधी."

"नीटच बोलून राहिले."

मॅडम उभ्या राहिल्या. राग आला की त्या इंग्रजीत जायच्या. "आफ्टर ऑल दॅट वी डिड. वी हॅव बीन सो काइंड टु यू."

"हाव," मी म्हणाले. "म्हणूनच चालले."

बाप घाबरला. उठून हात जोडायला लागला, "लेकरू हाय, चुकलं तिचं." मी त्याचे जोडलेले हात धरून खाली केले. दगडासारखे हात. आयुष्यात पहिल्यांदा मी बापाच्या अंगाला जोर लावला. डॉक्टर दारात येऊन उभे होते. त्यांनी सगळं बघितलं आणि जांभई दिली. "जाऊ दे तिला," बायकोला म्हणाले. "दुसरी मिळेल. उदगीरला साईटवर ढिगानं आहेत."

माझ्याबद्दलचं तेवढं बोलणं मात्र त्यांनी मराठीत केलं.

मी पिशवी भरली. ऋचा स्टोअर रूमच्या दाराशी आली. "अगं, एक ओळ तर होती," म्हणाली. "किती इगो तुला."

बसमध्ये बाप माझ्याशी बोलला नाही. खिडकीकडे तोंड करून बसला. चिडला होता. लेकीचं वरीस पाण्यात गेलं, हे त्याला दिसत होतं आणि त्यात चूक काही नव्हतं. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली, आम्ही चहा घेतला. कप खाली ठेवताना तो हळू आवाजात म्हणाला,

"मी पेत न्हाई, हे तुला ठावं हाय न्हवं?"

"ठावं हाय, आबा."

"मंग झालं."

नांदेडपर्यंत पुन्हा गप्प. पण आता तोंड खिडकीकडे नव्हतं.

बारावीची परीक्षा दिली. उदगीरच्या सरांनी शब्द टाकला आणि एका वसतिगृहात परीक्षेपुरती कॉट मिळाली. मार्क यायला हवे होते तेवढे आले नाहीत. अन्यायाला नकार दिला की सगळं सुरळीत होतं, असं कुणी सांगत असेल तर त्यानं कधी नकार दिलेला नसावा.

कार्यक्रम माझ्याशिवाय झालाच. वर्गातली एक मैत्रीण त्या हॉलमध्ये खुर्च्या लावायला गेली होती, तिनं सांगितलं. मॅडमनी माइकवर गोष्ट सांगितली, की एका दारुड्याची हुशार पोर त्यांनी वर काढली होती, पण आदल्याच दिवशी बाप झिंगून आला आणि लग्न लावायला तिला ओढत घेऊन गेला. हॉलमध्ये बायका चुकचुकल्या. मॅडमनी डोळ्यांना पदर लावला. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, टाळ्या मिळाल्या. माझ्यापेक्षा माझं नसणं त्यांच्या जास्त उपयोगी पडलं.

नांदेडला बी.ए. केलं, एम.ए. केलं, इंग्रजीतच. आता एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. कायम व्हायची आशा दरवर्षी जूनमध्ये येते आणि मार्चमध्ये जाते. वर्गात तो शब्द आला की त्याचे सगळे अर्थ फळ्यावर लिहिते. एकही गाळत नाही. पोरांना सांगते, कुणी कौतुक केलं तर थँक्यू म्हणण्याआधी वाक्य शेवटपर्यंत ऐका.

बाप थकलाय. भोकरलाच असतो, खोकतो. खाणीची धूळ. दारू अजून पीत नाही.

गेल्या आठवड्यात फोन आला. ऋचा. आता डॉक्टर आहे, बापाच्याच दवाखान्यात बसते. नंबर कुठून मिळवला कोण जाणे.

"अगं, किती वर्षांनी," ती म्हणाली. "आईची साठी आहे. क्लब त्या जुन्याच हॉलमध्ये सत्कार ठेवतोय, गौरव अंकही काढतोय. तू एक पान लिही ना. तू तर आमच्या घरातलीच. आईनं तुझ्यासाठी किती केलं. इंग्लिशमध्ये लिहिलंस तरी चालेल. यू मस्ट बी सो गुड नाऊ."

उशीत तोंड घालून हसलेलं तिला आठवत नसणार. असल्या गोष्टी हसणाऱ्यांना आठवत नाहीत.

"लिहिते," मी म्हणाले.

लिहिलं. वर आहे ते तेच पान, ऋचा. जरा लांबलं. मुद्दाम मराठीत लिहिलं आहे. तुम्हाला सगळ्यांना मराठी उत्तम कळते, हे मला माहीत आहे. मला काम सांगताना तुमच्यापैकी कुणी कधी इंग्रजी वापरली नाही.

छापायचं तर अख्खं छापा, नाहीतर फाडून टाका. पण यातली एखादी गोड ओळ उचललीत, वर माझा फोटो लावलात, माझ्या बापाला पुन्हा दारू पाजलीत, तर मी लातूरला येणार. सत्काराच्या दिवशी, त्याच हॉलमध्ये, तुमच्या पाहुण्यांच्या समोर. माइक दिला नाही तरी अडत नाही. खाणीवर सुरुंगाची वात पेटवायच्या आधी माणसांना हटवायला कुणीतरी ओरडावं लागतं. आमच्या खाणीवर ते काम माझं होतं. मैलभर ऐकू जायचं. अजून जातं.